महापद्मपती

सहा फूट दोन इंच उंचीच्या मुलाला मराठी घरात तीन कामं न मागता मिळतात. माळ्यावरचा डबा काढणं, गेलेला बल्ब बदलणं आणि दिवाळीच्या आधी छताची जळमटं झाडणं. घराबाहेर पडलं की चौथं मिळतं, बास्केटबॉल. पहिल्या तिन्हींत माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

१९८३ च्या जूनमध्ये सांगलीत एफवायच्या प्रवेशासाठी रांगेत उभा होतो. जिमखान्याचे सर मुलांकडे न बघता मुलांच्या डोक्यांवरून बघत रांगेच्या कडेने येत होते. त्या उंचीवर त्यांना एकच तोंड दिसलं.

‘‘बास्केटबॉल खेळतोस?’’

‘‘नाही सर.’’

‘‘खेळशील,’’ असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला, रांग ओलांडून खिडकीत दिला आणि माझं नाव आणखी एका कागदावर उतरवून घेतलं. माझ्या बास्केटबॉलच्या कारकिर्दीत घाईने झालेली ही एकमेव गोष्ट. पुढची तीन वर्षं सगळं निवांत होतं. मी बसून होतो.

आमच्या संघात बारा जण. या खेळात तेव्हा शर्टाचे नंबर ४ पासून सुरू व्हायचे आणि १५ ला संपायचे, कारण १, २, ३ ही बोटं पंचांना इतर खुणांसाठी लागत. माझा नंबर १५. सर म्हणाले, ‘‘मोठ्या मापाचा शर्ट आहे म्हणून तुला दिला.’’ मीही तसंच समजलो. पाच जण मैदानात, सहा जण बाकावर आणि बाकाच्या टोकाला मी. तो बाक फिजिक्सच्या प्रॅक्टिकलच्या खोलीतून आणलेला होता. त्याच्या टोकाला एक खिळा डोकं वर काढून होता. तीन वर्षांत त्या खिळ्याने माझ्या ट्रॅकसूटला त्याच जागी पाच वेळा भोक पाडलं. आई ठिगळ लावायची आणि विचारायची, ‘‘एवढं खेळताना पडतोस कुठे रे?’’

बाकावर काम नसतं असं ज्यांना वाटतं, ते कधी बाकावर बसलेले नाहीत. ग्लुकोज कालवायचं. मोसंबी सोलून फोडी करायच्या. चपला उन्हात राहिल्या की सावलीत सरकवायच्या. सगळ्यांत जोखमीचं काम घड्याळांचं. मैदानात उतरणारे पाचही जण आपापली घड्याळं माझ्याकडे सोपवायचे. खिशातून पडतील म्हणून मी ती मनगटापासून कोपरापर्यंत ओळीने बांधायचो. पाच घड्याळं, पाचही वेगवेगळी वेळ दाखवणारी. त्यातल्या एकाही घड्याळात माझी वेळ आली नाही.

घरी आलो की बाबा पेपरमधून डोकं वर न काढता विचारायचे, ‘‘किती गोल केलेस?’’

‘‘बाबा, बास्केट म्हणतात.’’

‘‘बरं. किती केलेस?’’

‘‘एकही नाही.’’

‘‘मग ट्रॅकसूट धुवायला कशाला टाकलास? घाम कुठून आला?’’

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. कोल्हापूरला, कराडला, इचलकरंजीला स्पर्धेसाठी एसटीने गेलो की जो भत्ता मिळायचा, तो कॅप्टनला जेवढा तेवढाच मला. कोल्हापूरच्या मिसळीच्या कटात राखीव खेळाडूसाठी पाणी घालून देत नाहीत. ज्याने चाळीस मिनिटं धाव धाव धावून तेरा बास्केट केले, त्याच्या डोळ्यांतून जेवढं पाणी येतं, तेवढंच चपला सांभाळणाऱ्याच्याही येतं. समाजवाद म्हणून जे काही असतं ते मी तेवढंच पाहिलं.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. पण चार वर्षांपूर्वी डिसेंबरात भाच्याकडे ओहायोतल्या कोलंबसला गेलो. तो तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठात पीएच.डी. करतो. बाहेर बर्फ, घरात हीटर आणि मी. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘‘मामा, तू कॉलेजात बास्केटबॉल खेळायचास ना? चल, मॅच दाखवतो.’’ खेळायचास हा शब्द त्याच्या आईने त्याला दिलेला. बहिणी भावाबद्दल बाहेर चांगलंच सांगतात. मी तो दुरुस्त केला नाही.

कॉलेजची मॅच म्हणून मी स्वेटर, कानटोपी आणि खिशात भडंगाची पुडी अशा तयारीने गेलो. बघतो तर अठरा-एकोणीस हजार माणसं बसतील एवढं बंदिस्त सभागृह. आमच्या झोनल फायनलला अठरा माणसं होती, त्यातला एक कुल्फीवाला आणि एक जण चुकून आलेला. इथे बँड. इथे कवायत करणाऱ्या मुली. इथे एक प्रचंड डोक्याचा प्राणी मैदानभर हुंदडत होता. भाचा म्हणाला, तो प्राणी नाही, ती बी आहे. ओहायोत बकाय नावाचं झाड असतं, त्याची सागरगोट्याएवढी तपकिरी बी या संघाचं मानचिन्ह. ती बी खाल्ली तर विषारी. आपल्याकडे संघांना वाघ, सिंह, गरुड लागतात. न खाण्याजोग्या बीच्या नावाने इतकी माणसं गळा फाडून ओरडताना पाहिली आणि या देशाबद्दल जरा आदर वाटला.

अमेरिकेत कॉलेजचं बास्केटबॉल हा किती मोठा संसार आहे हे आपल्याला इथे बसून कळत नाही. हा खेळच मुळात एका शिक्षकाने काढला. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ यांच्यापुढे थंडीमुळे बाहेर जाता न येणारी वात्रट पोरं होती. त्यांनी गॅलरीच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि पोरांच्या हातात फुटबॉल दिला. पुढे नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तिथल्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. ५५ सामने जिंकले, ६० हरले. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरलेला प्रशिक्षक एकच, आणि तो म्हणजे ज्याने हा खेळ शोधला तो. पुरणपोळी ज्या बाईने पहिल्यांदा केली, तिचीही पहिली फुटलीच असणार.

आता मात्र वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत. मार्चमध्ये त्यांतल्या ६८ संघांची बाद फेरीची स्पर्धा होते आणि तीन आठवडे अख्खा देश ऑफिसात काम करत असल्याचं सोंग करतो. प्रशिक्षक सतरा वर्षांच्या पोराच्या घरी विमानाने जातात, सोफ्यावर बसतात, त्याच्या आईच्या हातचं खातात आणि तोंड भरून कौतुक करतात. थोडक्यात, मुलगा बघण्याचा कार्यक्रम. पसंत पडला तर शिष्यवृत्ती. एवढं करून व्यावसायिक एनबीएच्या वार्षिक निवडीत जागा साठ. शंभर कॉलेज खेळाडूंमागे जेमतेम एक तिथवर पोचतो. बाकीचे नव्व्याण्णव विमा विकतात, शाळेत शिकवतात, मुलांना आपल्या जुन्या गोष्टी सांगून पकवतात. म्हणजे कॉलेजच्या बास्केटबॉलपटूची खरी कारकीर्द ही या नव्व्याण्णवांची. पण पेपरात फोटो त्या एकाचा.

आणि नियम किती! या मुलांना तिथे विद्यार्थी-खेळाडू म्हणतात. हा जोडशब्द १९५० च्या दशकात कॉलेज खेळांच्या संघटनेचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या काळात रूढ झाला. मैदानात जायबंदी झालेल्या पोराने उद्या कामगार म्हणून भरपाई मागू नये, ही त्यामागची सोय. समासाचा विग्रह करताना पैसे कापण्याची कल्पना आमच्या मराठीच्या मास्तरांनाही सुचली नव्हती. जेवणाचा नियम तर आणखी बहारीचा. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत कॉलेजने खेळाडूला खाऊ म्हणून बेगल द्यायला परवानगी होती. बेगल म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचा पाव. पण तो कोरडा. त्यावर चीज फासलं की तो खाऊ राहत नाही, जेवण होतं, आणि मग नियमभंग. चपाती चालेल, तूप लावलंत तर दंड! शेवटी २०१४ साली विजेतेपद मिळवणाऱ्या कनेक्टिकटचा शबाझ नेपियर पत्रकारांपुढे सांगून बसला की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्याच महिन्यात संघटनेने जेवणावरची बंधनं उठवली. माझ्या आईला हे सांगितलं असतं, तर तिने सगळ्या संघाला आधी जेवायला बसवलं असतं आणि नियम नंतर वाचला असता. २०२१ च्या जुलैपासून तर या पोरांना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे मिळवायची मुभाही मिळाली. आम्हाला मोसंबीच्या उरलेल्या फोडी मिळायच्या.

खेळ सुरू झाला. भाचा मैदानात बघत होता. माझी नजर सवयीने बाकाकडे गेली. बाक कसला, गादीच्या खुर्च्या. खिळा नाही. टोकाला तीन-चार पोरं, अंगात वॉर्म-अपचा शर्ट, एकमेकांच्या कानाला लागून खुसुखुसू हसणारी. पहिल्या फळीतला कुणी बाहेर आला की सगळ्यांत आधी उठून टाळी देणारी. मी भाच्याला कोपराने ढोसलं. ‘‘ती कोण?’’

‘‘ती? वॉक-ऑन.’’

वॉक-ऑन म्हणजे चालत आलेला. ज्याच्या घरी कुणी विमानाने आलं नाही, ज्याला शिष्यवृत्ती नाही, जो स्वतःची फी भरून संघात येतो तो. पदरमोड करून बसणारा. असे लोक आपल्याकडेही लग्नात असतात. बोलावणं नसलेल्याला आपण पंक्तीत बसवत नाही, वाढायला घेतो. तसंच हे. सरावात मोठ्यांचे धक्के खायला यांचा उपयोग. सामन्याच्या दिवशी टाळ्या.

मग मध्यंतरात भडंग खात खात भाच्याने मला मार्क टायटसची गोष्ट सांगितली, आणि माझ्या आयुष्याला नाव मिळालं.

हा टायटस इंडियानाचा. शाळेत असताना उन्हाळी संघात ग्रेग ओडन आणि माइक कॉनली या दोघांबरोबर खेळलेला. ओडन सात फुटी, पुढच्या पिढीचा महापुरुष म्हणून गाजत असलेला. २००६ साली तिघेही ओहायो स्टेटमध्ये आले. दोघे वाजतगाजत खेळाडू म्हणून. टायटस संघाचा मदतनीस म्हणून. पाणी द्या, टॉवेल द्या, घाम पुसा. पण सरावाला माणसं कमी पडायला लागली तेव्हा त्याच्या हातातला टॉवेल काढून घेऊन अंगात शर्ट घातला. झाला वॉक-ऑन. पहिल्याच वर्षी हा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला. २ एप्रिल २००७ ला अटलांटात फ्लोरिडाकडून ८४-७५ असा हरला. टायटसने तो सामना अतिशय जवळून पाहिला. त्या जागेची तिकिटं विकायला नसतात. जूनमध्ये एनबीएच्या निवडीत ओडन पहिला, कॉनली चौथा. दोघे निघून गेले. टायटस राहिला. बाक रिकामा सोडून कसं चालेल?

चार वर्षं बसला. संघ वीस-पंचवीसने पुढे असला, निकाल लागून गेला असला, की शेवटच्या मिनिटाला त्याला आत पाठवायचे. आता सामना संपला की तिथे प्रत्येक खेळाडूपुढे आकड्यांची ओळ छापतात. किती मिनिटं खेळला, किती फेकले, किती गेले, किती झेलले, किती पास, किती फाउल. एक मिनिट खेळून यातलं काहीच न करणाऱ्याची ओळ दिसते अशी: आधी १, मग नुसती शून्यं. एकावर बारा शून्यं म्हणजे ट्रिलियन. रकाने नेमके बारा आहेत की जास्त, याचा हिशेब कुणी करत बसत नाही. कॉलेजात असताना टायटस ‘क्लब ट्रिलियन’ या नावाने बाकाच्या टोकावरून लिहायला लागला आणि बघता बघता मैदानातल्या मुलांइतका प्रसिद्ध झाला. पुढे २०१२ साली त्याचं पुस्तक आलं. नावाचा अर्थ, सर, मला आत पाठवू नका!

मला ताबडतोब आमचे गणिताचे मास्तर आठवले. एकं, दहं, शतंच्या पुढे कोटीवर थांबणाऱ्यांना ते भित्रे म्हणायचे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त परार्धापर्यंत सगळ्या घरांची नावं दिली आहेत. अब्ज, खर्व, निखर्व आणि त्यानंतर बाराव्या शून्याला येतं ते महापद्म. म्हणजे टायटस ट्रिलियनवाला, आपल्या भाषेत महापद्मपती. शून्याच्या शोधाचा अभिमान आपण सांगतो, पण ती भर मैदानात एका रांगेत मांडून दाखवली ती ओहायोतल्या पोराने.

आणि हे वाटतं तितकं सोपं नाही. साठ सेकंद मैदानात राहून पानावर काहीच उमटू द्यायचं नाही. चेंडू आपण होऊन अंगावर येतो. धरला तर रिबाउंड लागतो. दुसऱ्याला दिला आणि त्या गाढवाने टाकला तर असिस्ट लागतो. कुणाला धक्का लागला तर फाउल. कुणी आपल्याला ढकललं तर फ्री थ्रो घ्यावे लागतात, आणि मग ते आत जावोत न जावोत, सगळी पुण्याई वाया. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेल्या माणसालाच यातलं कौशल्य कळेल. मी काढली आहेत.

कारण माझ्याही नावावर एक महापद्म आहे. इतकी वर्षं मला ते माहीत नव्हतं.

१९८५, कराड. आम्ही चाळीस गुणांनी पुढे. दोघे पाच फाउल होऊन बाहेर, एकाचा पाय मुरगळलेला, एक आदल्या रात्रीच्या मिसळीमुळे वेगळ्याच मैदानात धावत होता. एक मिनिट उरलं. सर म्हणाले, ‘‘पंधरा, जा.’’ मी उठलो आणि पाण्याच्या बादलीकडे निघालो. सर ओरडले, ‘‘तिकडे नाही, आत!’’ मी आत गेलो. पंचांनी शिट्टी फुंकली. माझा डावा हात धरून वर केला. मनगटापासून कोपरापर्यंत पाच घड्याळं.

‘‘दुकान कुठे आहे तुझं?’’ पंच म्हणाले.

काढायला लागलो. एक चामड्याचा पट्टा, एक स्टीलची साखळी, एकीचा खटका घट्ट. सगळं मैदान कमरेवर हात ठेवून थांबलेलं. काढली तरी द्यायची कुणाकडे? घड्याळं सांभाळणारा मुलगा म्हणजे मी, आणि मी तर आत होतो. शेवटी सरांनी निमूट हात पुढे केला. नंतर त्या एका मिनिटात चेंडू माझ्याकडे एकदाच आला. मी तो गरम परातीसारखा समोर दिसला त्याच्या हातात दिला. तो आमचाच होता हे त्याने सांगितल्यावर कळलं. त्यानेही तो टाकला नाही, पलीकडे दिला. शिट्टी झाली. निर्भेळ महापद्म.

बसणाऱ्यांच्या घराण्यात टायटस एकटा नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये जॉन वुडन नावाचे गुरू होते. बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं. नव्या पोरांना पहिल्या दिवशी ते काय शिकवायचे, तर मोजे कसे घालायचे. बोटांवर सुरकुती नको, टाचेशी चुणी नको, फोड येतात. अमेरिकेतली सर्वोत्तम पोरं जमिनीवर बसून मोजे कुरवाळतायत, आणि म्हातारा वाकून बघतोय. तिथे बिल वॉल्टनच्या मागे स्वेन नेटर नावाचा राखीव खेळाडू होता. वॉल्टन असेपर्यंत आपली पाळी येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. सरावात मात्र रोज देशातल्या सर्वोत्तम सेंटरशी अंग घासायला मिळायचं. यूसीएलएच्या एकाही सामन्यात तो पहिल्या पाचांत उतरला नाही, आणि तरी १९७३ मध्ये व्यावसायिक निवडीत पहिल्या फेरीत घेतला गेला. पुढे एका वर्षी एनबीएत सर्वाधिक रिबाउंड त्याचे. हे मी बाबांना सांगू शकलो नाही याची चुटपुट आहे. त्यांनी अर्थात विचारलं असतं, ‘‘मग तू का नाही गेलास?’’

उलटही होतं. ज्या ओडनला सगळ्यांत आधी उचलला, त्याचे गुडघे दगा देत राहिले. पहिलं वर्ष शस्त्रक्रियेतच गेलं. एनबीएत एकूण १०५ सामने त्याच्या वाट्याला आले. मग तो २०१६ मध्ये परत ओहायो स्टेटला आला. अपुरी पदवी पूर्ण करायला, आणि संघाचा विद्यार्थी-मदतनीस म्हणून. टायटसने जिथून सुरुवात केली होती तिथे. २०१९ मध्ये पदवीधर झाला. सात फुटांचा तो माणूस पोरांबरोबर वर्गात बसला असेल तेव्हा त्याच्या मागच्या बाकावर कोण बसलं असेल, असा विचार माझ्या मनात येतो. फळा दिसला नसणार.

खेळ शेवटाला आला. यजमान तीसने पुढे. माणसं मफलर गुंडाळायला लागली होती. एवढ्यात प्रशिक्षकांनी बाकाच्या टोकाकडे बोट केलं. आणि जे सभागृह तासभर शिष्यवृत्तीवाल्यांसाठी सभ्यपणे टाळ्या वाजवत होतं, ते उठून उभं राहिलं. त्या चालत आलेल्या पोराने घाईघाईने वॉर्म-अपचा शर्ट ओढला, तो डोक्यात अडकला, शेजाऱ्याने उपटून काढला. मी त्याच्या मनगटाकडे बघितलं. रिकामं होतं. शहाणा.

चेंडू कुणाच्या हातात गेला की सगळे ओरडायचे, त्याला द्या, त्याला द्या! मी मात्र घाबरलो. धरू नकोस रे पोरा. हात मागे घे. अजून वीस सेकंद. कसलाही डाग नाही, सगळी शून्यं जागेवर. पण ते अठरा हजार लोक गणित न शिकलेले. शेवटी कोपऱ्यात चेंडू त्याच्या हातात आलाच. त्याने एकदा आमच्याकडे, एकदा रिंगकडे बघितलं आणि फेकला. तो रिंगवर आपटला, उडाला, फळीला लागला आणि आत पडला.

बाकावरची सगळी पोरं एकमेकांच्या अंगावर. ती बी उताणी पडून पाय झाडत होती. बँड सुटला. माझ्या हातातलं भडंग पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या टोपीवर गेलं. पोराचं महापद्म गेलं ते गेलं, पण माझ्या घशातून जो आवाज निघाला तो सांगलीत तीन वर्षांत कधी निघाला नव्हता. शिट्टी झाली, दिवे लागले, लोक हळूहळू बसले, तरी मी दोन्ही हात वर करून उभाच. मागून कुणीतरी इंग्रजीत काहीतरी बोललं. भाच्याने माझा स्वेटर खाली ओढला.

‘‘मामा, बस की खाली. मागच्यांना दिसत नाहीये.’’

बास्केटबॉलच्या सामन्यात मला बसायला सांगायची वेळ कुणावर पहिल्यांदाच आली होती.